आई ताल चुकत नव्हती: घरच्या रेकॉर्डिंगमधली घरघर आणि उशीर

हा आपल्या या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. ऑडिओमध्ये मी मध्ये मध्ये क्लिप्स वाजवल्या आहेत. त्या इथे ऐकू येणार नाहीत, म्हणून त्या जागी काय ऐकू येतं ते कंसात लिहिलंय. बोलताना दहा वेळा ‘म्हणजे बघा’ म्हणालो होतो, तेवढं कापलंय.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितलेला: घरी कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करताना येणारा नॉइज आणि लेटन्सी. लेटन्सी म्हणजे आवाज उशिरा येणं. मी हे दोन्ही नीट शिकलो ते एका चुकीमुळे, आणि ती चूक मशीनपेक्षा माझी जास्त होती. आधी ती सांगतो.

आमच्या आजीचं कराडला सहस्रचंद्रदर्शन होतं. आईला आजीनेच लहानपणी गायला शिकवलं. मग लग्न, नोकरी, आम्ही दोघं भावंडं, यात ते गाणं राहून गेलं. मी म्हटलं, आई, तू एक अभंग गा, मी पुण्यात माझ्या खोलीत रेकॉर्ड करतो आणि कार्यक्रमाला लावू. हातात आठ दिवस होते. आई तयार झाली, दोन दिवस रियाजही केला.

सामान माझ्याकडे होतंच. लॅपटॉप, दोन चॅनलचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस आणि कंडेन्सर माइक. फोनवरच्या ॲपमधून तानपुरा आणि तबल्याचा ट्रॅक काढला, तो लॅपटॉपवर लावला, आईच्या कानात माझे ब्लूटूथ इअरबड्स दिले आणि रेकॉर्ड दाबलं.

(इथे क्लिप आहे. आईचा आवाज, त्याच्या मागे सतत ‘घुंईंईं’, आणि प्रत्येक समेला आवाज तबल्याच्या मागे.)

मी ऐकलं आणि पटकन म्हणालो, “आई, तू मागे पडतेयस. ताल सुटतोय.” तिने परत गायलं. परत तेच. तिसऱ्यांदा तिने इअरबड्स काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “नको रे. माझं आता जमत नाही. मावशीला सांग, ती गाईल.” आणि कुकर लावायला गेली.

रात्री मी ती फाइल उघडून बघत बसलो. तबल्याचा ठोका कुठे आणि आईचा शब्द कुठे, हे स्क्रीनवर मोजलं. पहिल्या समेला उशीर साधारण २४० मिलिसेकंद. पाचव्या समेला २४०. शेवटून दुसऱ्या समेला पण तेवढाच. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माणूस ताल चुकतो तेव्हा कधी मागे राहतो, कधी पुढे पळतो. प्रत्येक वेळी तंतोतंत तेवढाच उशीर माणूस करूच शकत नाही, तो मशीन करतं. ऑफिसात असं काही दिसलं असतं तर मी दोन मिनिटांत ‘हा बग आहे’ म्हणालो असतो. घरी मात्र आईला दोष देऊन मोकळा झालो.

आधी साखळी समजून घ्या

आवाज कुठून कुठे जातो ते बघा: खोली, माइक, वायर, इंटरफेस, यूएसबी, ड्रायव्हर, सॉफ्टवेअर, आणि परत त्याच वाटेने हेडफोन. बिघाड यातल्या एखाद्याच कडीत असतो. आपण काय करतो? यूट्यूब बघून एकदम पाच सेटिंग्ज बदलतो, आणि सुधारलं तरी कशामुळे ते कळत नाही. म्हणून नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदला, २० सेकंद रेकॉर्ड करा आणि फाइलला नाव द्या: ‘चार्जर काढून’, ‘फॅन बंद’, असं. आणि जमेल तिथे साखळी मधोमध तोडा, म्हणजे निम्मे संशयित एका झटक्यात सुटतात.

दुसरं, नॉइज आणि लेटन्सी हे दोन वेगळे आजार आहेत. माझ्याकडे दोन्ही एकत्र आले होते, म्हणून मी गोंधळलो. एक-एक घेऊ.

घरघर: आधी तिची जात ओळखा

साखळी मधोमध तोडायची सोपी युक्ती: माइकची वायर इंटरफेसमधून काढा, गेन आहे तिथेच ठेवा आणि रेकॉर्ड करा. कंडेन्सर माइक असेल तर आधी ४८ व्होल्टचं बटण बंद करा, मग वायर काढा. आता नॉइज गायब झाला तर तो खोलीतून, माइकमधून किंवा वायरमधून येत होता. तरीही राहिला तर इंटरफेसपासून पुढे, म्हणजे वीज किंवा कॉम्प्युटर.

मग कान देऊन ऐका. साधारण चार प्रकार सापडतात.

पहिला, ‘सूंऽऽ’, पाऊस लांबून ऐकू यावा तसा. हा बहुतेक वेळा गेन फार वाढवल्यामुळे. माइक लांब असतो, म्हणून आपण गेन वाढवतो, आणि आवाजासोबत ‘सूं’ पण वाढतो. उपाय फुकट आहे: जवळ या. अंतर निम्मं केलं की थेट आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. आई दोन विती लांब उभी होती, ती एक वीत अंतरावर आली आणि मी गेन तेवढा कमी केला. फक्त तोंड माइकच्या अगदी समोर नको, थोडं तिरकं, नाहीतर ‘प’ आणि ‘फ’ला धप् येतो.

दुसरा, ‘घुंईंईं’, ट्रान्सफॉर्मरजवळ उभं राहिल्यासारखा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे हा आवाज ५०, १००, १५० अशा पाढ्यात येतो. ऑडॅसिटीत शांत भाग सिलेक्ट करून ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ उघडा. या आकड्यांवर सुळके दिसले तर चोर वीज आहे, खोली नाही.

तिसरा, बारीक ‘चिरचिर’ किंवा शिट्टी, जी माउस हलवल्यावर, पेज स्क्रोल केल्यावर बदलते. हा कॉम्प्युटरच्या आतला कचरा, यूएसबीच्या वीजपुरवठ्यातून येणारा. पोर्ट बदला, हब काढून थेट लॅपटॉपला जोडा.

चौथा, खोली: फॅन, फ्रिज, रस्ता, शेजारचा मिक्सर. यावर कुठलंही सेटिंग नाही, बंद करण्याजोगं असेल ते बंद करायचं. एक मात्र लक्षात ठेवा. फॅनचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा डिमर असलेला दिवा वाऱ्याशिवायही वायरमध्ये ‘झर्रर्र’ सोडतो. फॅन ‘हळू’ ठेवून चालत नाही, पूर्ण बंद करायचा.

आमच्याकडे माइकची वायर काढली तरी ‘घुंईं’ होताच. मग लॅपटॉपचा चार्जर काढला. एकदम शांतता.

(क्लिप. दहा सेकंद घरघर, मग चार्जर काढल्याचा ‘टक्’, मग काहीच नाही.)

इथे थांबू नका, कारण हा अर्धाच शोध आहे. तुमच्यापैकी कितीजणांना चार्जर लावलेल्या लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? मलाही यायच्या, मी लक्ष दिलं नव्हतं. चार्जरमधून थोडासा विद्युतप्रवाह झिरपतोच, आणि तो अर्थिंगच्या वायरने जमिनीत जायला हवा. अर्थिंगच नसेल तर तो लॅपटॉपच्या पत्र्यावर बसतो आणि यूएसबीतून इंटरफेसमध्ये घुसतो. अजून एक खूण: इंटरफेसच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर अर्थिंग तपासायला हवं.

आमच्या बिल्डिंगमध्ये वायरमनचं काम करणाऱ्या दादांना बोलावलं. त्यांनी टेस्ट लॅम्प लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये दिवा लागला, फेज आणि अर्थमध्ये लागलाच नाही. बोर्ड उघडला तर अर्थची वायर निघून लोंबत होती. म्हणजे इतके महिने गीझर, इस्त्री, लॅपटॉप, जे काही त्या खोलीत लावलं ते अर्थिंगशिवाय. दादा म्हणाले, “गाण्यामुळे कळलं ते बरं झालं.” खरंच बरं झालं.

म्हणून हात जोडून सांगतो. घरघर जाते म्हणून तीन पिनांच्या प्लगची जाडी पिन तोडू नका किंवा टू-पिन अडॅप्टर लावू नका. कुणी व्हिडिओत सांगितलं तरी नाही. ती पिन आवाजासाठी नसून तुमच्या जिवासाठी आहे. बोर्ड स्वतः उघडू नका, वायरमनला बोलवा. तोपर्यंत बॅटरीवर रेकॉर्ड करा. मी तर अजूनही बॅटरीवरच करतो.

वायरबद्दल एक ओळ: तीन पिनांची एक्सएलआर वायर वापरा. तिच्यात एकच आवाज दोन तारांतून उलट-सुलट जातो आणि इंटरफेस त्यांचा फरक घेतो. वाटेत घुसलेला नॉइज दोन्ही तारांत सारखाच असतो, त्यामुळे तो वजा होतो.

आता गेन. सगळ्यात चढ्या ओळीला मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकाच ठेवा. शून्याला लागला तर आवाज फाटतो आणि फाटलेला परत शिवता येत नाही. रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये ठेवलं की हळू रेकॉर्ड झालेलं नंतर आरामात वाढवता येतं.

आणि ‘नॉइज रिडक्शन’ नावाचं औषध सगळ्यात शेवटी. गाण्याआधी १० सेकंद कुणी न बोलता खोलीची शांतता रेकॉर्ड करा आणि तीच नमुना म्हणून द्या. डोस लहान ठेवा, ६ ते ९ डेसिबल. जास्त दिला की माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं.

उशीर: वडापची गोष्ट

आता लेटन्सी. कराड-पाटणकडचे लोक पटकन समजतील. वडापची जीप बघितली आहे ना? सीटा भरल्याशिवाय निघत नाही. कॉम्प्युटरमध्ये आवाज तसाच जातो. माइकमधून सेकंदाला ४८,००० नमुने येतात. प्रत्येक नमुन्याला वेगळी गाडी देणं परवडत नाही, म्हणून ते जीपमध्ये बसवतात, भरली की सोडतात. त्या जीपचं नाव बफर.

२५६ सीटांची जीप भरायला २५६ भागिले ४८,००० सेकंद, म्हणजे ५.३ मिलिसेकंद. १२८ ची २.७ मध्ये, १०२४ ची २१ मध्ये. जाताना एक जीप, येताना एक, शिवाय इंटरफेसचा आणि ड्रायव्हरचा थोडा वेळ.

हे आकडे किती वाईट? आवाज हवेतून १० मिलिसेकंदात साधारण ३.४ मीटर जातो. म्हणजे १० मिलिसेकंदाचा उशीर हा तबलजी खोलीच्या त्या टोकाला बसल्यासारखा. चालतं. पण २४०? तो तबलजी ८० मीटरवर, समोरच्या गल्लीत बसलाय! आमच्या ट्रॅकची लय मिनिटाला १२० मात्रा होती, म्हणजे एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. आईला जवळजवळ अर्धी मात्रा उशिरा तबला ऐकू येत होता, आणि ती ऐकू येणाऱ्या तबल्याला अगदी बरोबर धरून गात होती. तिचा ताल पक्का होता, म्हणूनच तर उशीर प्रत्येक समेला सारखा निघाला.

चोर होते माझे इअरबड्स. ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून लहान करतात, हवेतून पाठवतात, पलीकडे उघडतात, आणि तुटू नये म्हणून थोडा साठवूनही ठेवतात. यात साधारण १०० ते ३०० मिलिसेकंद जातात. सिनेमा बघताना कळत नाही, कारण प्लेअर बरेचदा चित्रही तेवढंच थांबवतो. गाणाऱ्या माणसाला कोण थांबवणार? तेव्हा रेकॉर्डिंगला वायरचे हेडफोन. अपवाद नाही.

तुमचा उशीर मोजायचा असेल तर सोपं आहे. ‘टक् टक्’ असा क्लिक ट्रॅक लावा, हेडफोनचा एक कान माइकला चिकटवा आणि रेकॉर्ड करा. मूळ टक् आणि रेकॉर्ड झालेला टक् यांच्यातलं अंतर म्हणजे तुमचा उशीर. मी मोजला. ब्लूटूथवर २४०, वायरच्या हेडफोनवर ६०. उरलेले ६० कुठले? मी विंडोजचा जुना एमएमई ड्रायव्हर निवडून ठेवला होता. इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर टाकला, रीपरमध्ये तो निवडला, बफर १२८ केला. आता फरक ५ मिलिसेकंदांच्या आत, कारण हा ड्रायव्हर स्वतःचा उशीर किती ते सॉफ्टवेअरला सांगतो आणि सॉफ्टवेअर तेवढा ट्रॅक मागे सरकवून घेतं. ब्लूटूथचा उशीर मात्र त्या हिशेबात धरला गेलाच नव्हता, म्हणून माझी फाइल तशीच राहिली. मॅकवाल्यांना वेगळा ड्रायव्हर शोधावा लागत नाही, तिथे कोअर ऑडिओ असतोच.

उशिराचा दुसरा प्रकार आहे तो स्वतःच्या आवाजाचा. फोनवर कधी स्वतःचाच आवाज मागून परत आला की आपण अडखळतो ना? तेच. स्वतःचा आवाज साधारण २०० मिलिसेकंद उशिरा ऐकला तर भलेभले चाचरतात. त्यावर उपाय इंटरफेसवरच असतो: ‘डायरेक्ट मॉनिटर’चं बटण किंवा नॉब. तो फिरवला की माइकचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता सरळ कानात येतो. मग सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर आवाज दोनदा येईल. नॉब नसेल तर जुना स्टुडिओवाल्यांचा मार्ग: हेडफोनचा एक कान उघडा ठेवा.

मग बफर एकदम लहान का नको?

कारण जीप लहान तर फेऱ्या जास्त. ड्रायव्हर, म्हणजे तुमचा प्रोसेसर, मध्येच चहाला थांबला की स्टँडवर माणसं राहून जातात. ती राहिलेली माणसं म्हणजे रेकॉर्डिंगमधली ‘टिक्-टिक्’, ‘कर्रर्र’. मी बफर ३२ केला आणि अभंगात भुईमूग भाजल्यासारखा आवाज आला.

अशी टिकटिक येत असेल तर बफर एक पायरी वाढवा: १२८, मग २५६. रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद, ब्राउझर बंद, पॉवर मोड ‘हाय परफॉर्मन्स’. तरी येत असेल तर विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचं टूल कुठला ड्रायव्हर अडवतोय ते दाखवतं. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा आणि सगळीकडे एकच सॅम्पल रेट ठेवा, ४८,००० तर ४८,०००. गाणं झालं आणि नुसतं मिक्सिंग करायचंय? मग बफर बिनधास्त १०२४ करा. तेव्हा कुणी गात नसतं, उशीर कुणाला बाधत नाही.

पॉडकास्टवाल्यांसाठी एक वेगळा उशीर: दोघं आपापल्या घरी, आपापल्या मशीनवर रेकॉर्ड करतात आणि तासाभराने आवाज जुळत नाही. दोन मशीनची घड्याळं किंचित वेगळी चालतात. दहा लाखांत ५० चा फरक असला तरी तासाला १८० मिलिसेकंद होतात. सुरुवातीला एक आणि शेवटी एक टाळी वाजवा. दोन्ही टाळ्या जुळवल्या की मधलं आपोआप जुळतं.

फक्त फोन असेल तर

तुमच्यापैकी निम्मे म्हणतील, लॅपटॉप कुणाकडे आहे? हरकत नाही. फोन फ्लाइट मोडवर टाका. टू-जी नेटवर्कवर फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा थोडं-थोडं प्रक्षेपण करतो, आणि जवळच्या वायरमध्ये ‘टिट्-टिटिट्-टिट्’ येतं ते त्याचंच. इंटरफेसजवळ ठेवलेला फोनसुद्धा हे करू शकतो, लांब ठेवा. ब्लूटूथ बंद, वायरचा इअरफोन. फोन तोंडापासून एक वीत, हातात न धरता पुस्तकांच्या चळतीवर. भिंतीवरून आवाज परत येतो, म्हणून कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करा, नाहीतर मागे गोधडी टांगा.

आणि रेकॉर्डर ॲपमध्ये ‘नॉइज सप्रेशन’ असेल तर गाण्याला बंद करा. ते ॲप सलग येणाऱ्या आवाजाला नॉइज समजतं. तानपुरा सलगच वाजतो. त्या बिचाऱ्याला तानपुरा आणि फॅन यातला फरक कळत नाही.

मग आईचं काय झालं?

मला रात्री हे कळलं, पण आईला दोन दिवसांनी सांगितलं. सगळं नीट करून एकदम दाखवू, असा इंजिनिअरी विचार. तेवढे दोन दिवस ती घरात एकदाही गुणगुणली नाही. मी तिला स्क्रीन दाखवली, सगळ्या समा, सगळीकडे २४०. म्हटलं, “आई, तुझा ताल बरोबर होता. मशीन मागे होतं.” ती म्हणाली, “मग परवाच सांगायचं ना.”

संध्याकाळी फॅन बंद, लॅपटॉप बॅटरीवर, वायरचे हेडफोन, पाठीमागे गोधडी. दुसऱ्या टेकला अभंग झाला.

(क्लिप. तेवढीच, अर्ध्या मिनिटाची. आईने परवानगी दिली म्हणून.)

कार्यक्रमात आजीने तो डोळे मिटून ऐकला. मला वाटलं आता रडेल. ती आईला म्हणाली, “दुसऱ्या कडव्यात श्वास लवकर घेतलास.” आई हसली. ती चूक खरंच आईची होती, आणि ती ऐकू आली याचाच मला आनंद झाला. तीन दिवसांपूर्वी घरघरीत आणि उशिरात श्वास कुणाला ऐकू आला असता?

तेव्हा, मंडळी, रेकॉर्डिंग बिघडलं तर नवा माइक ऑर्डर करायच्या आधी आणि माइकसमोरच्या माणसाला काही बोलायच्या आधी, हे पाच मिनिटांत बघा:

१. वायरचे हेडफोन आहेत का?
२. चार्जर काढून घरघर जाते का?
३. माइकची वायर काढल्यावर नॉइज राहतो का?
४. योग्य ड्रायव्हर निवडलाय का आणि बफर किती आहे?
५. क्लिक ट्रॅकने उशीर मोजला का? आणि तो दर वेळी सारखाच आहे का?

पाचव्याचं उत्तर ‘सारखाच’ आलं तर गाणाऱ्याला पाणी द्या, थोडं थांबायला सांगा आणि मशीन उघडा.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत घरातल्या कुणाचा तरी आवाज रेकॉर्ड करून ठेवा.